घरातले डेटाचे कोठार

नॅस म्हणजे घराच्या नेटवर्कला जोडलेले फाइलींचे सामाईक कोठार. ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द आला. डब्याएवढी पेटी, तिच्यात दोन किंवा चार हार्ड डिस्क, त्यांना चालवणारा छोटा संगणक आणि राउटरकडे जाणारी एक केबल, एवढाच त्याचा पसारा. त्याला ना पडदा असतो, ना कीबोर्ड. घरातले फोन, लॅपटॉप आणि टीव्ही त्याच्याकडून फाइली मागून घेतात आणि नव्या त्याच्या हवाली करतात. यूएसबीने जोडायची डिस्क एका वेळी एकाच संगणकाची असते. नॅस साऱ्या घराचा असतो आणि दिवसरात्र जागा असतो. त्यामुळे साध्या डिस्कच्या बाबतीत कधी न पडणारे प्रश्न इथे पडतात. कोणी काय पाहावे, वीज गेल्यावर काय व्हावे, तार सैल झाली तर ते कळावे कसे? नॅस उभारायचा म्हणजे ही उत्तरे आधी ठरवायची. डिस्क पेटीत सरकवणे हे त्यातले सर्वांत सोपे काम.

एका संगणकाच्या डिस्कवर दुसऱ्याने लिहावे ही सोय कार्यालयांत १९८०च्या दशकात आली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४मध्ये युनिक्स संगणकांसाठी एनएफएस आणले. त्याच सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाम यांनी एसएमबी या पद्धतीचा पाया घातला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजसाठी वाढवली. घरगुती नॅसच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम मात्र अँड्र्यू ट्रिजेल यांचे. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत असताना, १९९१च्या अखेरीस, दोन संगणक तारेवरून एकमेकांशी काय बोलतात ते त्यांनी टिपून घेतले आणि त्याच भाषेत उत्तरे देणारा सर्व्हर लिहिला. पुढे नाव बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी एस, एम आणि बी ही अक्षरे असलेले शब्द शब्दसंग्रहात शोधले. त्यांत ‘सांबा’ निघाला. आज बहुतेक घरगुती नॅसच्या पोटात सांबाच चालतो. बॅकअपसाठी जगभर वापरला जाणारा आरसिंकही ट्रिजेल यांनी पॉल मॅकेरस यांच्याबरोबर १९९६मध्ये लिहिला. दोन्ही फुकट आणि खुले आहेत. नॅस सामान्य घराच्या आवाक्यात आला, त्यात या दोन्हींचा वाटा फार मोठा आहे.

घरांना अशा कोठाराची गरज वाटू लागली ती फोनच्या कॅमेऱ्यामुळे. गूगल फोटोजने १ जून २०२१पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि त्यानंतरचा प्रत्येक फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरला जाऊ लागला. लग्नाचे चित्रीकरण, बारशाचे फोटो, आजोबांच्या पत्रांचे स्कॅन, सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंतचे कागद हे सगळे एका जागी असावे आणि त्याचा मासिक हप्ता नसावा, ही अपेक्षा रास्त आहे. क्लाउड वाईट नाही. मूळ प्रत घरात आणि एक प्रत बाहेर, ही वाटणी मात्र अधिक शहाणपणाची.

यंत्राची निवड

तीन वाटा आहेत. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅप या तैवानी कंपन्यांची तयार पेटी घ्यावी. जुन्या डेस्कटॉपवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्टसारखी फुकट प्रणाली बसवावी. नाहीतर रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकाला यूएसबी डिस्क जोडावी. ट्रूनॅसचे मूळ नाव फ्रीनॅस. तो ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी २००५मध्ये सुरू केला होता. ओपनमीडियाव्हॉल्ट डेबियन लिनक्सवर उभा आहे आणि जुन्या यंत्रावरही सहज चालतो.

जुना डेस्कटॉप फुकट वाटतो, पण वीजबिलात तो आपली किंमत वसूल करतो. सतत ६० वॉट घेणारा संगणक वर्षाला सुमारे ५२५ युनिट खातो. २० वॉटची दोन डिस्कची पेटी १७५ युनिटांत भागवते. तीन-चार वर्षांचा हिशेब मांडला की तयार पेटी वाटते तितकी महाग राहत नाही. रास्पबेरी पाय सर्वांत कमी वीज घेतो. २०१९मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात खरे गिगाबिट इथरनेट आणि यूएसबी ३ आहे. मात्र त्या चौथ्या आवृत्तीत चारही यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. पोर्टेबल डिस्क थेट त्यावर चालवली की ती ऐन लिहिताना गळपटते आणि दोष डिस्कला दिला जातो. डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर असलेला डबा घेतला की हा त्रास मिटतो. शिकण्याची हौस असणाऱ्याने पाय घ्यावा. घरातल्या सगळ्यांचे फोटो ज्यावर विसंबणार आहेत, त्या जागी तयार पेटी किंवा नीट जुळवलेला संगणक बरा.

डिस्क आणि कौले

डिस्क घेताना क्षमता आणि किंमत पाहिली जाते; लिहिण्याची पद्धत सहसा कोणी विचारत नाही, आणि नॅससाठी तीच सर्वांत महत्त्वाची. जुन्या, सरळ पद्धतीला सीएमआर म्हणतात. तिच्यात डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्ट्या शेजारी शेजारी असतात. एसएमआर पद्धतीत त्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली पुढची कौलेही काढून पुन्हा लावावी लागतात. अधूनमधून फोटो टाकले तर हे जाणवत नाही. एक डिस्क गेली आणि तिच्या जागी आलेल्या नव्या डिस्कवर सलग काही टीबी लिहायचे असले की एसएमआर डिस्कची दमछाक होते. कधी ती इतका वेळ गप्प बसते की नॅस तिला मेलेली समजून बाहेर काढतो. एप्रिल २०२०मध्ये उघड झाले की वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि खोक्यावर तसे लिहिलेले नव्हते. त्यानंतर कंपन्या आपल्या माहितीपत्रकात पद्धत नमूद करू लागल्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन मागवा, मॉडेल क्रमांक त्या पत्रकाशी ताडून पाहणे पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी खातरजमा वयाची. जानेवारी २०२५मध्ये जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या जुन्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे बाहेर आले. डिस्क स्वतःच ठेवते ती वापराच्या तासांची ‘स्मार्ट’ नोंद पुसून शून्य केलेली होती, पण फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीत हजारो तास तसेच राहिले होते. नवी डिस्क आली की तिच्या या नोंदी वाचाव्यात, अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख पाहावी आणि डेटा ठेवण्याआधी पूर्ण पृष्ठभाग एकदा लिहून-वाचून तपासावा. ८ टीबीच्या डिस्कला यात एक-दोन दिवस जातात. ते जाऊ द्यावेत.

४ टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज ३.६३ टीबीच दाखवते, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. हा फरक घरात एकदा समजावून सांगितला की ‘जागा कुठे गेली’ ही तक्रार पुन्हा येत नाही.

दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत

बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८मध्ये एक निबंध मांडला. मोठ्या, महागड्या एका डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि एखादी गेली तरी माहिती शाबूत राहील अशी जास्तीची नोंद ठेवावी, हा त्यांचा मुद्दा. त्यालाच रेड (आरएआयडी) म्हणतात. त्यातला ‘आय’ तेव्हा ‘स्वस्त’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा होता. पुढे विक्रेत्यांनी तो ‘स्वतंत्र’ असा केला.

दोन डिस्कच्या पेटीत रेड १ म्हणजे आरसा. जे एकीवर लिहिले तेच दुसरीवर. तीन किंवा अधिक डिस्कांत रेड ५ लावला तर एका डिस्कची जागा सुरक्षिततेवर खर्च होते, बाकीच्यांची वापरायला मिळते. डिस्क मोठ्या झाल्या तसा रेड ५ घरासाठी डळमळीत झाला. ८ टीबीच्या चार डिस्कांतली एक गेली तर तिची भरपाई करताना उरलेल्या तिन्ही, म्हणजे २४ टीबी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. घरगुती डिस्कच्या पत्रकात १०चा १४वा घात इतक्या बिटांमागे, म्हणजे सुमारे १२.५ टीबीमागे, एक न वाचता येणारी जागा चालून जाईल असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात डिस्क त्याहून खूप चांगल्या वागतात, हे खरे. तरीही सगळ्या डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या असतात आणि सारख्याच थकलेल्या असतात. नेमके त्या वेळी त्यांच्याकडून बारा-पंधरा तासांची अखंड मेहनत घेतली जाते. चार डिस्क असतील तर दोन गेल्या तरी तगणारा रेड ६ किंवा आरशांच्या दोन जोड्या जास्त भरवशाच्या.

डिस्क मरणे ही दुर्मीळ घटना नाही. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या लाखो डिस्कांचा हिशेब २०१३पासून जाहीर करते. २०२४मध्ये तिच्याकडच्या १.५७ टक्के डिस्क बिघडल्या. एवढेसेच वाटते. पण हाच दर धरला तर चार डिस्कच्या पेटीत पाच वर्षांत निदान एक तरी जाण्याची शक्यता सुमारे २७ टक्के भरते, आणि घरात डेटासेंटरची थंड, धूळमुक्त हवा नसते.

आरसा डिस्क बिघडण्याच्या या एकाच संकटावरचा उपाय आहे. मुलाने चुकून फोल्डर पुसले तर आरसा तेही तत्परतेने दोन्हीकडे पुसतो. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे होतात. घरात पाणी शिरले तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत बुडतात. जुलै २०२१मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी घरांच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढले होते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरने तेच पाहिले. अशा वेळी उपयोगी पडते ती दुसऱ्या गावातली प्रत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५च्या सुमारास रुजवलेला ३-२-१चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. पैसे दोनच डिस्कपुरते असतील, तर दोन्ही पेटीत घालून आरसा करण्यापेक्षा एक पेटीत ठेवावी आणि दुसरी यूएसबीच्या डब्यात घालून दर महिन्याला तिच्यावर प्रत घ्यावी व बहिणीच्या किंवा मामाच्या घरी ठेवून यावी. दुकानदार उलटा सल्ला देतात, कारण पेटीचे दोन्ही कप्पे भरलेले चांगले दिसतात.

जागा, पत्ता, परवानगी

पेटीसाठी हवेशीर, कोरडी, न हलणारी जागा हवी. टीव्हीखालचे बंद कपाट सोयीचे दिसते, पण विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना त्या कपाटात डिस्क सहज ५०च्या पुढे जाते. कंपन्यांची मर्यादा ६० ते ६५ अंश असते. ४५च्या आत ठेवलेली बरी. कोकणात आणि गोव्यात खारी, दमट हवा जोडण्यांच्या धातूला खाते, म्हणून पावसाळ्यात पेटी बंद ठेवण्यापेक्षा चालू ठेवणेच चांगले. तिची ऊब ओल जमू देत नाही.

पत्ता स्थिर हवा. राउटर प्रत्येक उपकरणाला तात्पुरता क्रमांक देतो आणि वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. काल चालणारा नॅस आज ‘सापडत नाही’ याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. राउटरच्या पानावर नॅसचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीचा मूळ ओळखक्रमांक, नोंदवून त्याच्यासाठी एक क्रमांक, समजा १९२.१६८.१.५०, कायमचा राखून ठेवावा.

मग खाती. घरातल्या प्रत्येकाचे वेगळे खाते, सगळ्यांचे एक सामाईक फोल्डर, प्रत्येकाचे एक खासगी. नॅसमध्ये परवानगीचे दोन दरवाजे असतात: एक शेअरचा, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याचा; दुसरा फाइल प्रणालीचा, म्हणजे त्या फाइलीला हात लावण्याचा. दोन्ही उघडे असतील तरच लिहिता येते. फाइल दिसते पण पुसता येत नाही, आईला उघडते आणि बाबांना नाही, असे सगळे घोळ इथले असतात. बहुतेकदा कोणीतरी प्रशासकाच्या खात्याने फाइली आणून टाकलेल्या असतात आणि त्यांची मालकी त्याच खात्याकडे राहिलेली असते. रोजच्या कामाला प्रशासकाचे खाते वापरायचेच नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला की हा घोळ उद्भवतच नाही.

फाइल प्रणाली निवडायची मुभा असेल तर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस घ्यावी. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी रचलेली झेडएफएस प्रत्येक तुकड्याची तपासखूण वेगळी ठेवते, त्यामुळे डिस्कने गुपचूप चुकीचे अक्षर परत दिले तर ते पकडले जाते, आणि आरसा असेल तर दुरुस्तही होते. दोन्ही प्रणालींत स्नॅपशॉट घेता येतात, म्हणजे फाइलींची त्या क्षणाची स्थिती जवळजवळ विनाखर्च गोठवून ठेवता येते. दर रात्री एक स्नॅपशॉट आणि दर महिन्याला सगळ्या तपासखुणांची पडताळणी, एवढे नेमून दिले की कोठार स्वतःवर लक्ष ठेवते. एक गोष्ट लोकांना चकवते: मोठ्या फाइली पुसूनही जागा मोकळी होत नाही. त्या जुन्या स्नॅपशॉटांत अजून जिवंत असतात.

वीज

भारनियमन असो वा नसो, पावसाळ्यात वीज जातेच, आणि नॅसचे मोठे नुकसान तिच्या अशा जाण्यामुळे होते. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहते; रेड ५मध्ये तर डेटा आणि त्याची जास्तीची नोंद यांचा मेळच सुटू शकतो. घरचा इन्व्हर्टर पुरेसा वाटतो. साध्या मोडमध्ये तो वीज उचलायला जो वेळ घेतो, तेवढ्यात पेटी बंद पडू शकते. बऱ्याच इन्व्हर्टरांना त्यासाठी यूपीएस मोडचे बटन असते. पण बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला सांगत नाही. यूएसबी केबल असलेला छोटा यूपीएस ते सांगतो. नॅस मग आपणहून फाइली मिटवून, डिस्क थांबवून झोपी जातो. ही मांडणी करून झाल्यावर यूपीएसची पिन एकदा मुद्दाम ओढून पाहावी. न तपासलेला यूपीएस ऐन वेळी फक्त ओरडतो. वीज परत आली की आपोआप सुरू होण्याची सोयही चालू करावी. नाहीतर घरातले सगळे गावी गेलेले असताना कोठार आठवडाभर बंद राहते. आणि अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर यूपीएसही फारसे वाचवत नाही.

बिघाड शोधताना

बिघाडाचा शोध तारेपासून वर घ्यावा. आधी तार, मग पत्ता, मग नाव, मग पासवर्ड, मग परवानगी आणि सगळ्यात शेवटी डिस्क. लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात, डिस्क काढून पुन्हा घालतात, आणि किरकोळ दुखण्याचे मोठे करून बसतात.

संथ चालणाऱ्या नॅसचेच घ्या. फाइल सेकंदाला ११ एमबीच्या वर सरकत नसेल तर हा आकडाच निदान आहे. गिगाबिट जोडणीवर ११० एमबीच्या आसपास मिळायला हवे. ११ म्हणजे जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. इथरनेटच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. दारात चेपलेली, उंदराने कुरतडलेली किंवा घाईत क्रिंप केलेली एक तार तुटली तर जोडणी बऱ्याचदा बंद पडत नाही, मुकाट्याने दहापट संथ होते. केबल बदलल्यावर प्रश्न मिटतो आणि नवा नॅस घेण्याचा खर्च वाचतो. आकडा ११० आणि ११ यांच्या मधेच कुठेतरी खाली-वर होत असेल तर संशय वाय-फायवर घ्यावा. नेटवर्क दोषी की डिस्क, हे ठरवायला आयपर्फ ३ हे छोटे साधन उत्तम. ते डिस्कला हात न लावता नुसती तार मोजते.

नॅस अजिबात सापडत नसेल तर राउटर मोजावेत. फायबर देणाऱ्या कंपनीचा एक आणि घरच्यांनी चांगल्या वाय-फायसाठी आणलेला दुसरा, असे दोन राउटर पुष्कळ घरांत असतात आणि दोघेही स्वतंत्र नेटवर्क चालवतात. नॅस एकाला आणि लॅपटॉप दुसऱ्याला जोडलेला असला की एकाच खोलीत असूनही त्यांची गाठ पडत नाही. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकणे हा उपाय. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवरूनही नॅस दिसत नाही, आणि ते योग्यच आहे.

विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत नॅस दिसत नाही पण पत्ता टाइप केला की उघडतो, ही स्थिती अनेकांना घाबरवते. त्यात बिघाड काही नाही. त्या खिडकीत नावे गोळा करण्याची जुनी पद्धत एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर चाले. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस त्याच आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीपासून विंडोज १०मध्ये ती आवृत्ती एकतर बसवलीच जात नाही किंवा न वापरल्यास आपोआप काढली जाते. ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो मानू नये. पत्त्यावरून ड्राइव्ह जोडून ठेवावा, किंवा नॅसमध्ये नव्या पद्धतीची ओळख देणारी सेवा चालू करावी. २०२४मध्ये आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डाविना ‘पाहुणा’ म्हणून चालणारे जुने शेअर अचानक बंद झाले. तिथेही जुने दार उघडण्यापेक्षा खरे खाते तयार करणे हाच मार्ग.

पासवर्ड बरोबर असूनही विंडोज नाकारते तेव्हा बहुधा त्याच संगणकावरून दुसऱ्या नावाने आधीच प्रवेश झालेला असतो. विंडोज एका सर्व्हरकडे एका वेळी एकाच नावाने जाऊ देते. जुनी जोडणी तोडून, जतन केलेली ओळख पुसून पुन्हा प्रयत्न केला की दार उघडते.

मराठी नावांची गंमत

फाइलींना मराठीत नावे देणाऱ्यांसमोर दोन अडचणी येतात आणि त्यांचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. पहिली लांबीची. लिनक्सवरच्या बहुतेक फाइल प्रणालींत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘लग्नाच्या’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द आत नऊ चिन्हांचा, म्हणजे २७ बाइटांचा असतो. विंडोजची मर्यादा चिन्हांत मोजली जाते, त्यामुळे तिथे सुखाने नांदणारे ९० देवनागरी चिन्हांचे नाव नॅसवर जाताना अडते आणि कारण धड सांगितले जात नाही. काही पेट्यांच्या कूटबद्ध फोल्डरांत ही मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हे.

दुसरी अडचण ‘ऱ’ची. ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ यांतला अर्धा ऱ युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह, किंवा र आणि खालचा नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. कीबोर्ड बदलला की रीत बदलते. मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रणाली तर ऱ आपणहून फोडून र आणि नुक्ता असाच साठवते. डोळ्यांना सगळे सारखे. लिनक्सला ही वेगवेगळी नावे. म्हणून जुन्या मॅकवरून आरसिंक केल्यावर ‘दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो’ नावाची दोन फोल्डरे शेजारी शेजारी उभी राहतात, आणि शोधात एक सापडते, दुसरे नाही. आरसिंकमध्ये यासाठी नावांचे रूपांतर करण्याचा पर्याय आहे. त्याहून सोपे म्हणजे नावाच्या सुरुवातीला आकड्यांत तारीख आणि मग आखूड मराठी नाव.

घराबाहेरून

अमेरिकेतल्या मुलाने पुण्यातल्या नॅसवरचे फोटो पाहावेत, ही इच्छा स्वाभाविक. त्यासाठी राउटरवर दार उघडण्याचा जुना मार्ग भारतात बऱ्याचदा चालतच नाही, कारण अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांत वाटतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला तर दार उघडून काही होणार नाही, हे ओळखावे. चालत असेल तरीही तो मार्ग टाळावा. एप्रिल २०२१मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसांनी इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस गाठून फाइली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह पेट्या बाहेरून पुसल्या गेल्या. मालकांनी सकाळी उघडले तर सगळे रिकामे. वायरगार्ड किंवा त्यावर उभारलेले टेलस्केल वापरले तर ओळखीच्या उपकरणांपुरता खासगी बोगदा तयार होतो आणि जगाला काहीच दिसत नाही. सामाईक पत्त्याची अडचण टेलस्केल बहुतेक वेळा स्वतःच ओलांडते.

डिस्क जाते तेव्हा

डिस्क सहसा सूचना देऊन जाते. तिच्या ‘स्मार्ट’ नोंदींत पाचव्या क्रमांकावर बदली दिलेल्या जागा आणि १९७व्या क्रमांकावर वाचता न आल्याने अडकून राहिलेल्या जागा मोजलेल्या असतात. हे आकडे शून्यावरून हलले आणि आठवड्यागणिक वाढू लागले की नवी डिस्क मागवावी. १९९वा क्रमांक वेगळे सांगतो. तो वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कमध्ये नाही, तिच्या केबलमध्ये किंवा खाचेत आहे. कित्येक धडधाकट डिस्क केवळ ही ओळ न वाचल्यामुळे भंगारात गेल्या असतील. या सूचना ईमेलवर याव्यात अशी सोय करून एक चाचणी ईमेल पाठवून पाहावा, कारण नॅसला पडदा नाही आणि कपाटातला लाल दिवा कोणी पाहत नाही.

डिस्क गेलीच तर पहिले काम बॅकअप ताजा करणे. बदली त्यानंतर. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक कप्प्याच्या बाहेर आधीच चिकटवलेला असावा. आरशातली चुकीची, म्हणजे चांगली, डिस्क ओढून काढणे हा अनुभवी माणसांच्याही हातून होणारा अपघात आहे. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. भरपाई चालू असताना पेटीवर दुसरे काम टाकू नये.

पेटीच मेली आणि डिस्क शाबूत असतील तर धीर सोडू नये. त्याच कंपनीच्या दुसऱ्या पेटीत त्या बहुधा तशाच उघडतात. सिनॉलॉजीच्या डिस्क साध्या लिनक्स संगणकालाही जोडून वाचता येतात, झेडएफएसच्या तर कोणत्याही झेडएफएस जाणणाऱ्या यंत्रात. फोल्डर कूटबद्ध असतील तर किल्लीशिवाय ते कोणालाही उघडणार नाहीत. ती किल्ली, प्रशासकाचा पासवर्ड आणि बाहेरची प्रत कोणाकडे आहे ते कागदावर लिहून घरच्या दागिन्यांच्या किंवा विम्याच्या कागदांबरोबर ठेवावे, आणि घरातल्या निदान आणखी एका माणसाला ते ठाऊक असावे.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत पंख्याची धूळ काढताना, बाहेरच्या प्रतीवरून एखादे जुने फोल्डर परत आणून त्यातले फोटो खरोखर उघडतात का ते पाहावे. काढून टाकलेली डिस्क भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिच्यावर आदिपासून अंतापर्यंत एकदा शून्ये लिहावीत. लिहिण्याइतकीही ती चालत नसेल तर तिच्या तबकड्यांना ड्रिलने भोके पाडावीत आणि मगच ती ई-कचऱ्यात द्यावी.